टाकीच्या आतला गंज



एकेकाळी येझदी मोटरसायकलचा आवाज लांबूनच ओळखू येत असे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीतले तिचे उत्पादन १९९६ साली बंद झाले. तरी जुन्या गाड्या दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणण्याचा छंद असलेले लोक आजही आहेत. माझा थोरला भाऊ त्यांपैकीच एक. आमच्या वडिलांची येझदी कित्येक वर्षे पडवीत पडून होती. खाऱ्या हवेने ती गंजली होती. गेल्या वर्षी मी सुट्टीत घरी असताना दादाने ती उघडायला घेतली.

किक खालीच जाईना. पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला होता. मी म्हटले, "दादा, जरा ठोकून बघ ना." तो म्हणाला, "ठोकलं तर पिस्टन फुटेल." त्याने प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑईल सोडले. रोज थोडे सोडायचे, किक हळूच दाबून पाहायची, नाही हलली तर उद्या. पाचव्या दिवशी ती बोटभर खाली गेली.

मग पेट्रोलची टाकी. बाहेरून ती बरी दिसत होती. मी म्हटले, "हिला नुसता रंग दे." त्याने टॉर्च माझ्या हातात दिली आणि झाकण उघडून आत पाहायला सांगितले. आत सगळा गंज! "हा पेट्रोलबरोबर खाली उतरतो, कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते," तो म्हणाला. त्याने टाकीत मूठभर नट टाकले, डिझेल ओतले आणि आम्ही दोघे आळीपाळीने ती हलवत बसलो. ओतले की तांबडे डिझेल निघे. पुन्हा तेच. रंग सर्वांत शेवटी.

टाकी हलवता हलवता मला आमचीच आठवण झाली. आईच्या आजारपणात आम्ही एकमेकांना नको ते बोललो होतो. पुढे दर नाताळला भेटत होतो, केक कापत होतो, फोटोत हसत होतो. बाहेरचा रंग छान होता. मी म्हणालो, "दादा, आईच्या वेळी मी तुला जे बोललो, ते माझं चुकलं." तो बराच वेळ टाकी हलवत राहिला. मग म्हणाला, "मीही काही कमी बोललो नव्हतो."

प्रभू येशूने परुश्यांना चुना लावलेल्या कबरींची उपमा दिली (मत्तय २३). ती आपल्यालाही लागू पडते. मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह देताना आपण शेजाऱ्याशी हात मिळवतो. पण ज्याच्याशी अबोला आहे, तो दोन बाके मागे बसलेला असतो.

प्रायश्चित्त संस्कारात आपण झाकण उघडतो. तेथे परमेश्वर हातोडी घेऊन उभा नसतो. उधळ्या पुत्राच्या बापाप्रमाणे तो वाट पाहत असतो. मात्र देवाकडे क्षमा मागून भावाचा उंबरठा टाळला, तर काम अर्धेच राहते.

वडिलांची येझदी आता चालू झाली आहे. दादा म्हणतो, "दर रविवारी फिरवली पाहिजे, उभी ठेवली की पुन्हा गंजते."

या आठवड्यात आपणही एक झाकण उघडू या. प्रभू आपल्याला त्यासाठी धैर्य देवो. आमेन.