ही शांतता कोणाची?

स्वमग्न मुलाला दातांच्या डॉक्टरांकडे नेताना आईचा जीव आधीच अर्धा झालेला असतो. डोळ्यांवरचा प्रखर दिवा, ड्रिलचा आवाज, तोंडात परका हात. आपल्याला नकोसे वाटणारे हे सारे त्याला असह्य होऊ शकते. म्हणून काही ठिकाणी दिवा मंद करतात, आवडीचे गाणे लावतात, अंगावर जड पांघरूण घालतात. ‘सांगा, दाखवा, मग करा’ ही रीत तर १९५९ पासूनची. यांनी कीड बरी होत नाही. भीती उतरते, तीही प्रत्येकाची नाही. एखाद्याला तोच सुगंध त्रासदायक वाटतो.

आपण सेवाभावाने जवळ जातो, तेव्हा स्वतःला विचारावे: मूल निवांत व्हावे म्हणून हे करतो आहोत, की काम लवकर उरकावे म्हणून? जड पांघरूण ही माया असते, तसे ते बंधनही होऊ शकते. मुलाला ते बाजूला सारता येते का, एवढाच फरक. बोलता न येणारे मूल मान फिरवते, हात ढकलते. तो त्याचा नकार असतो. दुखणे तातडीचे असेल तर थांबता येत नाही, हे खरे. पण पुष्कळदा घाई आपलीच असते. पहिल्या दिवशी नुसते खुर्चीवर बसून, छोटा आरसा हाताळून मूल घरी परतले, तरी चालेल.