कुंडीतला वाळा

एखाद्या जिवाबद्दल माया दाटून आली की तो आपल्याजवळ असावा असं वाटू लागतं. पण जवळ असणं आणि ताब्यात असणं यांत फरक किती? माझ्या भाच्यानं मला या प्रश्नापाशी आणून सोडलं. तो पुण्यात एका खोलीत राहतो. फोनवर म्हणाला, "आत्या, कमी जागेत राहील असा लहानसा, बिनविषारी साप कुठला गं? काचेच्या पेटीत ठेवीन, नीट सांभाळीन." पोरगा मनानं हळवा आहे. त्याला नुसतं 'नको' म्हणून गप्प करावं, हे मला पटेना.

कायद्याचं उत्तर सरळ आहे. आपल्या रानातले साप पकडून घरी ठेवायला 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा मनाई करतो. बॉल पायथनसारखे परदेशी साप हौशी लोक पाळतात. त्यांचीही 2022 च्या दुरुस्तीनंतर सरकारदरबारी नोंद करावी लागते. हा अजगर तीन ते पाच फुटांचा होतो आणि पेटीत वीस-पंचवीस वर्षंही जगतो. भाच्याचा भाडेकरार अकरा महिन्यांचा! पण समजा कागदपत्रं झाली, खोली मोठी मिळाली, तरी माझा प्रश्न सुटत नाही.

आपण जनावरं पाळत नाही का? पाळतो. पण सकाळी चरायला सोडलेली गाय दिवेलागणीला आपल्या पायांनी गोठ्यात येते. मांजर गावभर हिंडून ओट्यावर येऊन बसतं. माझी कसोटी एवढीच आहे, की दार उघडं ठेवलं तर तो जीव परत येईल का? साप येणार नाही. त्याला आपला लळा लागत नाही. हातात धरल्यावर तो शांत राहतो ते सवयीनं, आणि आपण त्याला प्रेम समजतो. त्याला पापण्या नाहीत, फूत्काराखेरीज आवाज नाही. कुत्रा केकाटून दुखणं सांगतो. साप पेटीच्या कोपऱ्यात वेटोळं करून पडून राहिला, तर तो सुखात आहे की नुसता तग धरून आहे, हे आपल्याला कसं कळणार? ज्याला 'नको' म्हणता येत नाही, त्याच्या वतीनं 'हो' म्हणायचा अधिकार कुणी दिला?

आमचं मूळ घर इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या काठी. ऊस म्हणजे उंदीर, आणि उंदीर म्हणजे धामण. सापाशिवाय तिथं दिवस उगवत नाही. तरी नागपंचमीला आमच्या घरात कधी खरा नाग आणला नाही. आई पाटावर ओल्या हळदीनं नाग काढायची आणि त्याला लाह्या-दूध वाहायची. त्या दिवशी विळीला हात लागत नसे, तवा चुलीवर चढत नसे, पुरणाची दिंडं उकडली जात. वडील नांगर-कुदळ बाजूला ठेवत. जमीन खणायची नाही. मला यात मोठा विचार दिसतो. पूजा पाटावरच्या नागाची, आणि खऱ्या नागासाठी काय, तर आपला हात एक दिवस आवरायचा. देव मानलेल्या जिवाला आपण काही द्यायचं नव्हतं, फक्त त्याचं बीळ मोडायचं नव्हतं.

महाभारतात नागांना जाळणारा जनमेजयाचा यज्ञ, सर्पसत्र, आस्तिक ऋषीनं थांबवला. तेव्हा वाचलेल्या नागांनी त्याला वर दिला, की ही कथा जो आठवेल त्याला आमचं भय नाही. त्या करारात कुणी कुणाचा मालक झाला नाही. दोघांनी एकमेकांना अभय दिलं आणि आपापल्या ठिकाणी गेले. अहिंसेची एवढी स्पष्ट मांडणी मला दुसरीकडे सापडत नाही.

याच्या उलट मांडुळाचं पाहा. बिचारं मऊ, संथ, बोथट शेपटीचं जनावर. शेपटी तोंडासारखी दिसते म्हणून ते 'दुतोंड्या' ठरलं, आणि ते घरी असलं की धन येतं अशी समजूत पसरली. वजनावर त्याची लाखांत बोली लागते, आणि तस्करीत पकडलेल्या मांडुळांच्या बातम्या अजूनही येतात. भाच्याचा हेतू असा मुळीच नाही, हे मला ठाऊक आहे. पण लोभानं असो की कौतुकानं, सापाच्या वाट्याला पेटीच येते. हेतू आपला असतो, पेटी त्याची.

मग कमी जागेत राहणारा लहान साप? तो बारामतीत माझ्या गॅलरीतच आहे. कुंडीची माती उकरताना तो दिसतो: वाळा. काळपट, चकचकीत, जेमतेम वीतभर, सुतळीएवढा जाड. डोळे म्हणजे खवल्यांखालचे दोन ठिपके. बोटांत धरलं तर शेपटीचं टोक टोचवतो, पण विष अजिबात नाही. लोक त्याला गांडूळ समजतात, नाहीतर नागाचं पिल्लू म्हणून ठेचतात. तो मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खातो. या जातीत सगळ्या माद्याच. नराशिवाय अंडी घालतात. म्हणून एखादी मादी कुंडीच्या मातीतून परमुलखात पोचली, तरी तिथं वंश वाढतो. रोपांच्या मातीबरोबर हा साप असाच जगभर पसरला. त्याला कुणी निवडलं नाही, विकत घेतलं नाही. जागा त्यानं निवडली, आणि कुंडी मोडली तर तो दुसरीकडे जायला मोकळा आहे.

भाच्याला मी हेच सांगितलं. पेटी घेऊ नकोस, चार कुंड्या घे. त्यांत औषध फवारू नकोस, पालापाचोळा राहू दे. वाळा आला तर पाहा, मातीत परत सोड; नाही आला तर झाडं आहेतच. आणि तुम्हालाही सांगणं एवढंच, की घरात साप निघाला तर काठी उचलू नका आणि त्याला धरायलाही जाऊ नका. लांब उभं राहून त्याच्यावर नजर ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.