मान्ना दररोज गोळा करावा लागतो

शास्त्रपाठ : निर्गम 16:1-21, मत्तय 12:43-45



दारूच्या व्यसनातून एखादा भाऊ सुटला की मंडळीत मोठा आनंद होतो. उपासनेत त्याला साक्ष द्यावयास उभे करतात, उपकारस्तुतीचे गीत होते, पाळकसाहेब त्याच्यासाठी प्रार्थना करतात. हे योग्यच आहे. पण दुसऱ्या दिवशी, सोमवारी सायंकाळी, तो कामावरून सुटतो आणि गुत्त्यावरून जाणाऱ्या रस्त्याने घराकडे निघतो, तेव्हा त्याच्या मनाला आधार कशाचा? आजचे मनन त्या सोमवारविषयी आहे.

इस्राएल लोक मिसर देशातून सुटले आणि तांबडा समुद्र ओलांडून आले. सुटका खरी होती. तरी जेमतेम महिनाभरात, सीन रानात, त्यांना मिसरातील मांसाच्या भांड्यांची आठवण होऊ लागली. गुलामी विसरली, चव मात्र आठवली. व्यसनातून सुटलेल्या माणसाचे मन असेच असते. उलट्या, कर्ज, मुलांचे घाबरलेले चेहरे ही सारी मागे पडतात आणि पहिल्या घोटाची आठवण तेवढी पुढे येते.

देवाने त्या लोकांना कोठार भरून दिले नाही. त्याने मान्ना दिला आणि तो ज्याने त्याने रोज सकाळी गोळा करावयाचा होता. कोणी उद्यासाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडले. शब्बाथासाठी राखलेला तेवढा टिकला. कृपेचा साठा करून ठेवता येत नाही, हा धडा देव त्यांना 40 वर्षे शिकवीत होता. प्रभूनेही शिष्यांना भाकर मागावयास शिकविले ती रोजची. गेल्या वर्षीच्या साक्षीवर आजची संध्याकाळ निभत नाही.

हे सत्य 1935 साली अमेरिकेतील अॅक्रन शहरी दोन पिणाऱ्यांना उमगले. बिल विल्सन हा शेअरबाजारातील मनुष्य काही महिन्यांपूर्वी दारूपासून सुटला होता. डॉक्टर बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक मात्र अजून पीत होते. विल्सन त्यांच्या घरी राहावयास गेला. डॉक्टरांची पत्नी अॅन सकाळी शास्त्र वाचून दाखवी आणि मग सारे शांत बसत. याकोबाचे पत्र, डोंगरावरील प्रवचन आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय हे त्यांच्या विशेष आवडीचे भाग होते. या ओळखीनंतरही डॉक्टर एकदा घसरले. पण त्यांना कोणी घराबाहेर काढले नाही. 10 जून 1935 रोजी त्यांनी शेवटचा प्याला घेतला, आणि तोच अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघाचा स्थापनादिन मानला जातो. हा संघ कोणत्याही एका पंथाचा नाही. त्याच्या बारा पायऱ्या 1939 साली ग्रंथरूपाने छापल्या गेल्या. त्यांतील अकरावी पायरी प्रार्थना व मनन यांची आहे. तिच्यात मागणे एवढेच की, देवाची इच्छा कळावी आणि ती पाळण्याचे बळ मिळावे.

पुष्कळजण म्हणतात, “माझे मन स्थिर होत नाही, मी मनन कसे करू?” पहिल्या स्तोत्रात मननासाठी जो इब्री शब्द आहे, त्याचा अर्थ हलक्या आवाजात पुटपुटणे असा आहे. यशयाच्या पुस्तकात सिंहाच्या गुरगुरण्याला व पारव्याच्या घुमण्यालाही तोच शब्द आला आहे. म्हणजे मनन करताना मन रिकामे करावयाचे नसून वचन ओठांवर घोळवावयाचे असते. प्रभूने दाखल्यात सांगितलेले घर झाडलेले, सुशोभित, पण रिकामे होते, म्हणूनच अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परतला. बाटली बाहेर गेली, पण तिच्या जागी वचन आले नाही, तर घर रिकामेच राहते.

तेव्हा नेम साधा असावा. सकाळी, दिवसाच्या कामाला लागण्यापूर्वी, एक लहान शास्त्रभाग मोठ्याने वाचावा. त्यातील एक वचन निवडून दिवसभर पुटपुटावे. पाच मिनिटे गप्प बसावे आणि फक्त आजच्या दिवसाचे बळ मागावे. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार वेळी मोह अधिक बळावतो, हा सुटलेल्या पुष्कळांचा अनुभव आहे. अशा वेळी तेच वचन म्हणावे, काही खावे आणि कोणा विश्वासू भावाकडे जावे. रात्री दिवसाचा हिशेब द्यावा, ज्याला दुखविले त्याचे नाव घ्यावे व उपकार मानून निजावे.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. पुष्कळ वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर झटके येतात, भ्रम होतो, क्वचित जीवही जातो. अशा माणसाला केवळ प्रार्थनेवर घरी ठेवू नये. त्याला डॉक्टरांकडे न्यावे व सोबत प्रार्थनाही करावी. वैद्याची गरज निरोग्यांना नसून दुखणाइतांना आहे, हे प्रभूनेच सांगितले आहे.

आता मंडळीने आपल्याकडे पाहावे. असा भाऊ पुन्हा घसरला की आपण कुजबुजतो, “त्याची साक्ष खोटी होती.” तसे नव्हे. त्या दिवशी त्याने मान्ना गोळा केला नाही, आणि त्याला हाक मारून बरोबर नेणारेही कोणी नव्हते. उद्या सकाळी मान्ना पुन्हा पडणार आहे. त्याला उठवून न्या. जेथे प्रभुभोजनात खरा द्राक्षारस देतात, तेथे त्याच्यासाठी न आंबविलेल्या रसाची सोय गाजावाजा न करता करा. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, आपल्या वर्गात एखादे मूल नेहमी उशिरा येते, बापाचे नाव निघताच खाली पाहते. त्याला सर्वांदेखत काही विचारू नका. त्याला एक वचन पाठ करावयास द्या. कदाचित त्या घरात सकाळी वचन उच्चारणारे तेच पहिले तोंड असेल.

प्रभू येशू पहाटे, अंधार असतानाच, एकांती प्रार्थनेस जात असे. त्याला ज्याची गरज वाटली, ते आपल्याला नको कसे? ज्याचे व्यसन दारूचे नाही, त्याचेही मिसर कोठेतरी आहेच. म्हणून उद्या सकाळी पात्र घेऊन आपण सर्वच बाहेर पडू या. रानात मान्ना पुरविणारा देव आपणांस आजच्यापुरते बळ देवो. आमेन.