स्पर्धा संपल्यानंतरचं गाणं

फेब्रुवारी २००९ मध्ये ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ची अंतिम फेरी झाली आणि आळंदीची कार्तिकी गायकवाड विजेती ठरली. पुढच्याच महिन्यात, ३१ मार्चला, शेजारच्या चाकणमध्ये फोक्सवॅगनच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याबद्दल महाराष्ट्र तेव्हा दोन्ही कारणांनी बोलत होता. कारखाना आला की गाड्या किती निघतील, रोजगार किती मिळेल, जमिनीला भाव काय येईल, याचा हिशेब गावागावांत मांडला जातो. घरातलं पोरगं टीव्हीवर गायला लागलं की मात्र आपण फक्त टाळ्या वाजवतो. पुढची तीस-चाळीस वर्षं हे मूल कुणापुढे गाणार, कोणत्या पैशावर जगणार, हे कुणी विचारत नाही.

अभिजीत सावंतचं उदाहरण घ्यावं. २००५ मध्ये तो पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला. त्याच वर्षी ‘आपका अभिजीत सावंत’ हा अल्बम आला, २००७ मध्ये ‘जुनून’ आला. आवाज गोड, माणूस सालस, देशभर ओळख. पण ज्या बाजारावर हे सगळं उभं होतं, तो कॅसेट-सीडीचा बाजारच त्या काळात कोसळत होता. हिंदीत चित्रपटाबाहेरच्या गाण्याला स्वतःचं घर जेमतेमच होतं, तेही गेलं. ‘मंगलाष्टक वन्स मोअर’ या २०१३ च्या मराठी चित्रपटात बेला शेंडेबरोबर तो गायला, तेव्हा या गळ्यात अजून किती शिल्लक आहे ते ऐकणाऱ्याला कळलं. तरी घराघरात पुन्हा त्याचं नाव निघालं ते २०२४ मध्ये, ‘बिग बॉस मराठी’चा उपविजेता म्हणून. मला याचं वाईट वाटतं. इतक्या चांगल्या गायकाला लोकांसमोर यायला पुन्हा एका स्पर्धेचंच दार उघडं असावं, यात उणीव त्याची नाही.

फ्रान्समध्ये हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने हाताळला गेला. तिथे २००१ मध्ये ‘स्टार अकॅडमी’ सुरू झाली. स्पर्धकांना एका वाड्यात ठेवायचं, शिकवायचं, आणि दर आठवड्याला एखाद्याला घरी पाठवायचं. पहिल्या वर्षीची विजेती जेनिफर पुढे दुसऱ्या स्पर्धेत परीक्षकांच्या खुर्चीत बसली. २००२ ची विजेती नोल्वेन लरुआ ही ब्रिटनी या समुद्राकाठच्या प्रांतातली. तिने पहिले काही अल्बम फ्रेंच पॉपचेच केले. २०१० मध्ये तिने आपल्या प्रांताची जुनी लोकगीतं, काही तर ब्रेटन भाषेतली, घेऊन ‘ब्रेटॉन’ हा अल्बम केला आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. तिच्या गुणाला तोड नाही. पण तिच्यामागे एक कायदाही होता, हे आपण लक्षात घ्यावं. १९९४ च्या कायद्यानुसार, १९९६ पासून फ्रेंच रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यांपैकी साधारण ४० टक्के फ्रेंच भाषेतली असावी लागतात, आणि त्यातलाही मोठा वाटा नव्या कलावंतांना किंवा नव्या ध्वनिमुद्रणांना द्यावा लागतो. म्हणजे टीव्हीने मुलीला ओळख दिली, आणि त्या ओळखीला रोज ऐकलं जाण्याची जागा सरकारने आधीच राखून ठेवलेली होती.

आपल्याकडे असा कायदा नाही. मग कार्तिकी टिकली कशी? माझ्या मते उत्तर आळंदीतच आहे. तिचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गायक, संगीतकार आणि शिक्षक. स्पर्धेत ती जे अभंग आणि गवळणी गायली, त्यांना तिच्या घरचाच सूर होता. त्या घराबाहेर एक गाव, ज्याने १२९६ पासून ज्ञानेश्वरांची समाधी सांभाळली. विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली तीही इथेच. महाराष्ट्रभरातून मुलं तिथे कीर्तन आणि मृदंग शिकायला येतात. गावोगावचे हरिनाम सप्ताह, एकादशी, काकडा, दिवाळी पहाट. या गाण्याला तारीख ठरलेली असते, मंडप ठरलेला असतो, श्रोता वेळेआधी येऊन बसलेला असतो आणि गायकाला बिदागी मिळते. ही सगळी व्यवस्था टीव्हीच्या कितीतरी आधीची. स्पर्धेने कार्तिकीचं नाव घरोघरी पोचवलं. कार्यक्रमांची वहिवाट मात्र तिच्या जन्माआधीपासून चालू होती.

तिच्याबरोबरचे चौघेही आपापल्या वाटेने टिकले, पण प्रत्येकाला धरायला काहीतरी होतं. अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे यांना अभंग-नाट्यगीतांचा रसिक मिळाला. पुण्याची आर्या आंबेकर २०१७ मध्ये ‘ती सध्या काय करते’ची नायिका झाली. लातूरच्या रोहित राऊतचा ओढा पॉप-रॉककडे, आणि त्यालाच पुन्हा हिंदी स्पर्धेत उतरावं लागलं. ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात तो उपविजेता झाला. २०२१ मध्ये हे पाचही जण नव्या ‘लिटिल चॅम्प्स’मध्ये परीक्षक म्हणून बसले. भक्तिगीत, नाट्यगीत आणि चित्रपटगीत यांना मराठीत जागा आहे. आजचं, शहरातलं, चित्रपटाबाहेरचं मराठी गाणं घेऊन उभ्या राहणाऱ्या पोराला ती नाही, आणि मला काळजी त्याची आहे.

ती जागा करण्याची ऐपत पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात आहे. इथे मराठवाडा-विदर्भातून आलेली तरुण पिढी आहे, बिहार-उत्तर प्रदेशातलीही आहे. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचं आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचं अंकुशराव लांडगे नाट्यगृह, पिंपळे गुरवचं निळू फुले रंगमंदिर ही चार मोठी सभागृहं लोकांच्या पैशातून बांधलेली आहेत. कंपन्यांची स्नेहसंमेलनं होतात, गणेश मंडळं गायकांना सुपारी देतात. पण त्या एका संध्याकाळी मागणी असते टीव्हीवर गाजलेल्या त्याच चार गाण्यांची. नवी चाल ऐकवायला गायक धजावत नाही, कारण पुढच्या वर्षीची सुपारी त्याला हवी असते.

सप्ताहाला जशी तिथी ठरलेली असते तशी नव्या मराठी गाण्याला महिन्यातली एक संध्याकाळ ठरवून द्यावी. सभागृह महापालिकेने भाड्याशिवाय द्यावं, वादकांचं मानधन कारखान्यांनी उचलावं, तिकीट चहा-वड्याच्या खर्चाएवढं असावं, आणि गाणारा फक्त स्वतःची गाणी गाईल. वारही लोकांच्या सोयीचा हवा. सगळे कार्यक्रम शनिवार-रविवारी ठेवले जातात, आणि भोसरी-पिंपरीतल्या कितीतरी कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी असते गुरुवारी.