युक्ताहार आणि उपवास

श्रीभगवंतांनी सहाव्या अध्यायात (श्लोक १६–१७) सांगितले आहे की, अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसाच मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही; निद्रेचेही तसेच. यातील दुसरे अंग धर्मशील घरांत बहुधा विसरले जाते.

द्विध्रुवी मनोविकारात मन कधी अनावर उसळते, कधी विषादात बुडते. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी त्यावर लिथियमचा गुण प्रसिद्ध केला. ते औषध आजही दिले जाते. परंतु शरीरातील मीठ वा पाणी एकाएकी घटले, तर मूत्रपिंडे लिथियम अडवून धरतात, रक्तात ते वाढते आणि औषधच विष होते. हात कापणे, ओकारी, जुलाब, तोल जाणे ही त्याची लक्षणे; ती दिसताच डॉक्टरांकडे धाव घ्यावी.

असे औषध घेणाऱ्या सुनेला निर्जळी एकादशीचा आग्रह करणे हे पुण्य कसे ठरेल? शरीराला व अंतर्यामी भगवंताला क्लेश देणाऱ्या तपास सतराव्या अध्यायात आसुरी म्हटले आहे. रात्रीचे जागरणही उन्मादाला जागे करू शकते.

तिने वेळेवर जेवावे, मीठ-पाणी नित्याइतके घ्यावे, नियमाने झोपावे आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून औषध सोडू नये. सात्त्विक आहार औषधाचा सहायक आहे, पर्याय नव्हे.

उपवास म्हणजे भगवंताच्या समीप वास. तो नामस्मरणानेही घडतो. म्हणून एकादशीस सासूनेच तिच्यापुढे पान वाढावे. त्या घरी व्रत भंगत नाही, ते पूर्ण होते.