भिंतीकडची बाजू

मी बी.कॉम. आहे. पुलाशी माझा संबंध तो ओलांडण्यापुरता. पण मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय पाहून आलो आणि डोक्यात इंजीन शिरलं. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी छोट्या रेल्वेचं अख्खं गाव वसवलं, ते १९९८ पासून लोक पाहताहेत. मग आपल्याला एक पूलही जमू नये?

नॅरोगेजचे रूळ ७६२ मिलिमीटर अंतरावर असतात. १:८७ प्रमाणात ते नऊ मिलिमीटरहून किंचित कमी भरतात. त्यावरून गर्डरचा पूल केला, पुठ्ठ्याचा. त्यावरचे रिव्हेट म्हणजे खसखशीच्या दाण्याच्या निम्मे. जाड कागदाला मागून बोथट सुईने टोचायचं, की पुढून टपोरे उमटतात. एका बाजूचे सहाशे टोचून झाल्यावर लक्षात आलं, की दुसरी बाजू कपाटात भिंतीकडेच राहणार. सहाशे रिव्हेट वाचले! कॉमर्सचा फायदा तो हा.

शेजारचे काका रेल्वेच्या पूलखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पूल उचलला नि उलटा केला.

"हे काहून कोरं ठेवलं जी?"

"ते दिसत नाही ना."

"गाडी तं दोन्ही गर्डरवरून जाते. अन् दोन्ही टोकं चिकटवली? मे महिन्यात लोखंड वाढते, एका टोकाले रोलर लागते."

तीस मीटरचा गर्डर पौषातल्या पहाटेपासून मेमधल्या दुपारपर्यंत सेंटिमीटरभर तरी लांबतो. तेवढी मोकळीक ठेवली नाही, तर खांबावर जोर येतो.

"पण काका, हा पुठ्ठा आहे!"

"मंग पुठ्ठाच म्हणा. पूल नका म्हणू."

रात्री झोप येईना. मुळात नक्कल म्हणजेच खोटं. खोट्यात प्रामाणिकपणा कसला? माझ्या पुलावरून कोण पडणार होतं? असा युक्तिवाद बिनतोड चालला असताना मला शुक्रवार आठवला. दिवसाअखेरच्या रिपोर्टची बारा पानं व्हाउचरांशी ताडून लाल टिका करायच्या होत्या. नऊ पानं ताडली. उरलेल्या तीन पानांवर नुसत्याच टिका केल्या. बेरीज जुळली होती, कोणाला काही कळलं नाही. त्या टिका म्हणजे तपासणीची नक्कलच होती. पुढून अगदी हुबेहूब.

उठलो आणि सुई घेतली. बायको म्हणाली, "रात्री दोन वाजता? काय दिसणार आहे तिथे?"

"काही नाही," मी म्हणालो.

सोमवारी शुक्रवारचा गठ्ठा काढला आणि ती तीन पानं पुन्हा ताडली. सगळं जुळलं. मग एक विड्रॉल स्लिप सहज उलटली. पैसे मिळाल्याची सही मागे लागते. मागची बाजू कोरी.

पेन्शनर आजोबांना फोन केला. बिचारे उन्हातून आले, उपरण्याने घाम पुसत सही केली आणि म्हणाले, "एवढ्यासाठी बोलावलं बाप्पा?"

काय सांगणार? पुलापासून सुरुवात करावी लागली असती.