नळाखालचं व्रत

बाडमेर-जैसलमेरकडं घराजवळ जमिनीत टांका असतो. आपलं टाकंच म्हणा. पावसाळ्यात साठलेलं पाणी पुढचा पाऊस येईस्तोवर पुरवायचं असतं. बायका भांडी वाळूनं घासतात. केर-सांगरी वाळवून ठेवतात. हिरवी भाजी वर्ज्य असते त्या तिथीला जैन घरांत तीच चालते. जुन्या कपड्यांचे थर टाचून राली, म्हणजे गोधडी शिवतात, वर रंगीत तुकड्यांची नक्षी.

कुणी म्हणेल, ही तर टंचाई, ह्यात व्रत कसलं? मलाही तसंच वाटायचं. पण टंचाई फक्त राखायला शिकवते. वाटसरूला त्यातलाच लोटाभर द्या, गोधडीवर नक्षी काढा, असं ती सांगत नाही. ते मनातूनच यावं लागतं.

आणि माझं? बेळगावात पाऊस धो धो. मी गाळल्याशिवाय पाणी पीत नाही, पण धुणं धुताना नळ तसाच सोडते. गाळल्यानं पाण्यातले त्रस जीव वाचले; पण पाणी स्वतःच जलकायिक जीव, त्याचं काय? भरपूर असताना हात आखडता घेतला, तर ते व्रत. हे उमगल्यापासून हात आधी नळाकडं जातो. रोज जातोच असं नाही, बायांनो.